गणितात न छापलेलं शून्य

अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये, ही तिची विनंती. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

'सरळ रेषेतल्या गतीचा धडा मला चांगला जमला होता. उंचावरून सोडलेला दगड किती वेळात खाली येईल, ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरावर थांबेल, यात माझे मार्क जात नव्हते. मग आडव्या फेकलेल्या वस्तूंची गणितं आली आणि सगळं फिसकटलं. सूत्रं पाठ आहेत, तरी उत्तर जुळत नाही. एक नमुना पाठवते. १.२५ मीटर उंचीच्या टेबलावरून एक चेंडू ३ मीटर प्रति सेकंद वेगाने घरंगळत जाऊन कडेवरून सुटतो. तो टेबलापासून किती लांब पडेल? मी "जी" (गुरुत्वामुळे येणारं त्वरण) १० धरून सोडवलं, उत्तर ८५ सेंटिमीटर आलं. पुस्तकात दीड मीटर आहे. आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासली, चूक सापडत नाही. सर म्हणतात, "यात अवघड काय आहे, दोनच तर सूत्रं आहेत." त्यामुळे वर्गात परत विचारायची लाज वाटते. माझं गणितच कच्चं आहे, असं आता वाटायला लागलंय. मला तीन रस्ते दिसतात: अंतराचं तयार सूत्र घोकायचं, गाइडमधली सगळी गणितं एकदाची सोडवून टाकायची, किंवा हा भाग सरळ ऑप्शनला टाकायचा. ताई, तुम्ही काय सांगाल?'

तुझी आकडेमोड मीही तपासली. ती बरोबर आहे. तू १.२५ = ३ × वेळ + ५ × वेळेचा वर्ग असं मांडलंस (५ म्हणजे 'जी'चा अर्धा), त्याचं वर्गसमीकरण न चुकता सोडवलंस, वेळ ०.२८३ सेकंद काढला, त्याला ३ ने गुणलंस आणि ०.८५ मीटर मिळवले. यात एकही पायरी घसरलेली नाही. गंमत म्हणजे, हे गणित नीट मांडलं तर त्यात वर्गसमीकरण लागतच नाही. पुस्तकाला अपेक्षित होतं त्याहून अवघड गणित तू बिनचूक केलं आहेस. तेव्हा 'माझं गणितच कच्चं आहे' हे निदान आपण बाजूला ठेवू. तुझ्याच वहीत त्याच्याविरुद्ध पुरावा आहे.

चूक आहे ती सगळ्यात वरच्या ओळीत, जिथे तू 'यू = ३' लिहिलंस ('यू' म्हणजे सुरुवातीचा वेग). ती ओळ तपासायचं तुझ्या मनात आलं नसणार, कारण तिथे आकडेमोड नाही, नुसती उतरवणी आहे. प्रश्नात एकच वेग दिला होता, सूत्रात एकच 'सुरुवातीचा वेग' होता, दोघांची गाठ तू घालून दिलीस. पण ज्या सूत्रात तू ते ३ टाकलेस, ते सूत्र उभ्या दिशेचं आहे. त्यातलं १.२५ ही उंची आहे, त्यातलं 'जी' खाली ओढणारं आहे. मग त्यातला सुरुवातीचा वेगही खालच्या दिशेचाच असायला हवा. तुझ्या समीकरणाने जे गणित सोडवलं ते असं आहे: कुणीतरी चेंडू ३ मीटर प्रति सेकंदाने सरळ जमिनीच्या दिशेने फेकून मारला. त्या गणिताचं उत्तर ०.२८३ सेकंद, अगदी बरोबर. फक्त ते गणित तुला कुणी विचारलं नव्हतं.

यावर तुझा विश्वास बसावा म्हणून एक छोटी परीक्षा घे. तुझ्याच समीकरणात ३ च्या जागी ३० टाक. वेळ येईल साधारण ०.०४ सेकंद. म्हणजे चेंडू जितक्या जोरात पुढे ढकलावा तितक्या लवकर तो जमिनीवर आदळतो! असं घडताना तू पाहिलं आहेस का? समीकरणाला असा टोकाचा आकडा भरवून पाहण्याची सवय मला 'उत्तर तपासलं' या शब्दांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. आकडेमोड पुन्हा केली की आपण तीच चूक नव्या अक्षरात लिहितो. आकडा बदलला की मांडणीच बोलायला लागते.

कडेवरून सुटला त्या क्षणी चेंडूचा उभा वेग होता शून्य. टेबल सपाट आहे, चेंडू त्यावरून आडवा आला, कडेला पोचेपर्यंत त्याला खाली जायला वावच नव्हता. हे शून्य प्रश्नात छापलेलं नसतं. ते 'घरंगळत जाऊन कडेवरून सुटतो' या शब्दांत दडलेलं असतं. 'आडवी फेकली', 'क्षैतिज दिशेने झाडलेली गोळी', 'सरळ पातळीत उडणाऱ्या विमानातून सोडलेलं पाकीट', 'छताच्या सपाट कडेवरून धावत जाऊन उडी मारली' हे सगळे त्याच शून्याचे पत्ते. या प्रकारची गणितं वाचताना पहिलं काम आकड्यांभोवती गोल काढण्याचं नाही. हे शून्य शोधून कागदावर लिहायचं. ते लिहिलंस की समीकरण उरतं १.२५ = ५ × वेळेचा वर्ग. वेळेचा वर्ग ०.२५, वेळ अर्धा सेकंद. आणि ते बिचारे ३ कुठे गेले? ते आडव्या दिशेला होते, तिथेच राहिले: ३ × ०.५ = १.५ मीटर.

इथेच थांबले तर तू म्हणशील, ठीक आहे, पुढच्या वेळी शून्य टाकेन. पण माझी शंका अशी आहे की अडचण त्याहून जरा खोल आहे, आणि ती फक्त तुझी नाही. वही मिटून एका प्रश्नाचं उत्तर दे. दोन सारखे चेंडू एकाच उंचीवर आहेत. एकाच क्षणी पहिला नुसता सोडला आणि दुसरा आडवा, चांगला जोरात फेकला. जमीन सपाट आहे. आधी कोणता टेकेल? सूत्राकडे न बघता, जे मनात येईल ते सांग.

बहुतेक जण म्हणतात, फेकलेला नंतर टेकेल, त्याला लांब जायचं आहे ना. तूही तसंच म्हणाली असशील तर एक विलक्षण गोष्ट बघ: तुझं मन म्हणतं फेकलेला उशिरा पडतो, तुझी वही म्हणते फेकलेला लवकर पडतो. दोघं एकमेकांच्या अगदी विरुद्ध, आणि दोघंही चुकीचे. दोन्ही चेंडू एकदमच टेकतात. मला काळजी वाटते ती उत्तर चुकल्याची नाही. तुझं मन आणि तुझी वही यांचं आपसात बोलणंच बंद झालं आहे, याची वाटते. सरळ रेषेच्या धड्यात ते चालू होतं, म्हणून तिथे मार्क जात नव्हते.

लांब वाटेचा मुद्दा खोटा नाही, अर्धा आहे. फेकलेल्या चेंडूची वाट लांब असते हे खरं, पण तो त्या वाटेवरून जातोही तितक्याच जास्त वेगाने. खाली जायचं अंतर मात्र दोघांना सारखंच, खाली ओढणारं गुरुत्व सारखंच, आणि सुरुवातीला खालच्या दिशेचा वेग दोघांचा शून्यच. गुरुत्व सरळ खाली ओढतं. आडव्या वेगावर त्याचा काही हक्क चालत नाही. आडवा वेगही गुरुत्वाला अडवू शकत नाही. चेंडू पुढे जातो म्हणून हवेत टिकतो, ही समजूत सोडायला जड जाते, कारण विमानं आणि पक्षी आपण रोज पाहतो आणि तिथे पुढे जाण्याचा न पडण्याशी खरंच संबंध असतो. पण ते काम पंखांवरून वाहणाऱ्या हवेचं असतं. आपल्या गणितात हवाच नाही.

आणखी एक समजूत याच्याच शेजारी राहते: चेंडू पुढे जातोय म्हणजे त्याला पुढे ढकलणारं काहीतरी त्याच्यात असणार, आणि ते संपलं की तो खाली पडणार. कार्टूनमधलं पात्र कड्याबाहेर धावत जातं, क्षणभर हवेत थांबतं आणि मग सरळ खाली कोसळतं, ते याच हिशेबाने. हसू नकोस, मोठमोठी माणसं असंच मानत होती. इटलीतल्या निकोलो तार्ताग्लिया या गणितज्ञाने १५३७ मध्ये तोफगोळ्याचा मार्ग काढून दाखवला तो असाच: आधी सरळ रेषा, मग थोडं वळण, मग थेट खाली. गॅलिलिओने १६०८ च्या सुमारास उतारावरून गोळी सोडून ती टेबलावरून आडवी निघेल अशी व्यवस्था केली आणि ती किती लांब पडते ते मोजलं. १६३८ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात ही गोष्ट नीट मांडलेली आहे: आडवी गती एकसारखी, उभी गती वाढत जाणारी, दोन्ही एकाच वेळी आणि एकमेकींना धक्का न लावता; आणि त्यांच्या जोडीने तयार होतो पॅराबोला नावाचा वक्र. म्हणजे तार्ताग्लियापासून गॅलिलिओपर्यंत शंभर वर्षं गेली. 'यात अवघड काय आहे' या वाक्याला माझं उत्तर एवढंच आहे. तुझे सर वाईट हेतूने म्हणाले नसणार, एखादी गोष्ट अंगवळणी पडली की ती कधी अवघड होती हे आठवत नाही. पण सूत्रं दोन असली म्हणून कल्पना सोपी ठरत नाही.

तर आता वहीत काय करायचं ते सांगते. प्रश्न वाचून झाला की पानावर मधोमध एक उभी रेघ मार. डावीकडे लिही 'आडवं', उजवीकडे 'उभं'. प्रश्नातला प्रत्येक आकडा उचल आणि ठरव, हा कुणाचा? ३ मीटर प्रति सेकंद डावीकडे. १.२५ मीटर उजवीकडे. जे दिलेलं नाही पण ठाऊक आहे तेही लिही: डावीकडे त्वरण शून्य, उजवीकडे त्वरण १० आणि सुरुवातीचा वेग शून्य. उभ्या दिशेत खाली जाणं अधिक धरलंस तर उजवीकडे बाण काढून ठेव. मध्येच मन बदललं की चिन्हं उलटसुलट होतात. एवढं झाल्याशिवाय सूत्राला हात लावायचा नाही. एका रकान्यातला वेग, अंतर किंवा त्वरण दुसऱ्या रकान्यातल्या सूत्रात कधीही जात नाही. रेघ ओलांडायची परवानगी एकाच राशीला आहे: वेळेला. चेंडू एकच आहे, तो जितका वेळ खाली येतोय तितकाच वेळ पुढे जातोय.

इथे एक सावधगिरी. बऱ्याच नोट्समध्ये लिहिलेलं असतं, 'आधी उंचीवरून वेळ काढा, मग अंतर काढा.' तुझ्या टेबलाच्या गणितात ते लागू पडतं. पण हा नियम म्हणून पाठ केलास तर पुढच्याच पानावर फसशील. समज, ६ मीटर उंचीवरून चेंडू १५ मीटर प्रति सेकंदाने आडवा फेकला आहे आणि समोर १२ मीटरवर उंच भिंत आहे. तो भिंतीवर किती उंचीला आदळेल? इथे ६ मीटरवरून वेळ काढलास तर तो जमिनीवर पडण्याचा वेळ आला, साधारण १.१ सेकंद, आणि तेवढा वेळ चेंडूला मिळणारच नाही, आधीच भिंत येईल. वेळ डाव्या रकान्यातून येतो: १२ भागिले १५, म्हणजे ०.८ सेकंद. तेवढ्या वेळात तो खाली आला ५ × ०.६४ = ३.२ मीटर. म्हणजे जमिनीपासून २.८ मीटरवर आदळला. तेव्हा प्रश्न असा विचार: कोणत्या रकान्यात वेळ सोडून बाकी सगळं माहीत आहे? वेळ तिथून काढायचा. तो कधी उजवा असतो, कधी डावा.

कधी कधी दोन्ही रकाने अपुरे दिसतात आणि माणूस घाबरतो. उदाहरणार्थ, कड्यावरून २० मीटर प्रति सेकंदाने आडवा फेकलेला दगड जमिनीशी ४५ अंशांचा कोन करून पडला. कडा किती उंच? उंची नाही, अंतर नाही, वेळ नाही. पण कोन ही एक बातमी आहे: आदळताना उभा वेग आणि आडवा वेग सारखे होते. आडवा वेग बदलत नाही, तो २० च. म्हणजे उभा वेगही २०, आणि शून्यापासून २० व्हायला १० च्या त्वरणाने २ सेकंद लागतात. उंची ५ × ४ = २० मीटर, आडवं अंतर ४० मीटर. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघ. कोन ४५ अंशांचा, पण अंतर उंचीच्या दुप्पट! पुष्कळ मुलं कड्याच्या माथ्यापासून दगड पडला तिथपर्यंत सरळ रेघ मारतात आणि तिचा कोन घेतात. दगड त्या रेघेवरून आलाच नव्हता, तो वळत आला, म्हणून शेवटी त्या रेघेपेक्षा जास्त उतरता होता. नेमकं सांगायचं तर आदळण्याच्या कोनाचा टॅन (उभं भागिले आडवं) त्या सरळ रेघेच्या टॅनच्या दुप्पट असतो, आडव्या फेकीत नेहमीच.

आदळतानाचा वेग विचारला की दोन खड्डे आहेत. एक, 'जमिनीवर पडला म्हणजे वेग शून्य.' नाही, प्रश्न टेकण्याच्या अगदी आधीच्या क्षणाचा असतो. दुसरा, आडवा आणि उभा वेग सरळ बेरीज करणं. ते काटकोनात आहेत, त्यांना पायथागोरसच लागतो: आडवा १५, उभा २०, तर एकूण २५, ३५ नव्हे.

आता तुझे तीन रस्ते.

तयार सूत्र घोकायचं का? अंतर = आडवा वेग × [(उंचीची दुप्पट भागिले 'जी') याचं वर्गमूळ], हे सूत्र खरं आहे, उपयोगीही आहे. बहुपर्यायी परीक्षेत, जिथे प्रत्येक प्रश्नाला जेमतेम मिनिट-दीड मिनिट मिळतं, तिथे मीही ते वापरायला सांगेन. पण ते फक्त एका प्रश्नाला उत्तर देतं, 'सपाट जमिनीवर किती लांब पडेल?' भिंतीच्या गणितात ते गप्प बसतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचं उत्तर देतं आणि तुला कळतही नाही. तेव्हा ते स्वतः दोन रकान्यांतून काढून बघ, मग वापर. आणि त्याच्याशी थोडं खेळ: वेग दुप्पट केला तर अंतर दुप्पट, पण उंची दुप्पट केली तर? फक्त सुमारे १.४ पट. अंतर दुप्पट हवं तर उंची चौपट लागते. हे एकदा मनात बसलं की उत्तर बेताचं आहे की नाही ते बघताक्षणी कळायला लागतं.

गाइडमधली सगळी गणितं सोडवायचा बेत मात्र मला पसंत नाही. तुझ्या आताच्या पद्धतीने शंभर गणितं सोडवलीस तर 'यू' मध्ये दिलेला आकडा टाकायची सवय शंभर वेळा घट्ट होईल. त्यापेक्षा दहा-बारा गणितं घे आणि ती सोडवूच नकोस. फक्त चित्र काढ, रेघ मार, रकाने भर, वेळ कुठून येईल त्यावर खूण कर आणि पुढच्या गणिताकडे जा. सुरुवातीला कंटाळवाणं वाटेल, हात कॅल्क्युलेटरकडे जाईल; जाऊ देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी त्यातली चार निवडून पूर्ण सोडव. मैत्रिणीबरोबर करत असाल तर वह्या बदला आणि एकमेकींचे फक्त रकाने तपासा.

ऑप्शनला टाकण्याबद्दल. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एखादा अवजड भाग सोडून देणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो, त्यात कमीपणा नाही. पण हा भाग सोडायला गैरसोयीचा आहे, कारण तो पुढे वेश बदलून परत येतो. दोन विद्युतभारित पट्ट्यांच्या मधून आडव्या शिरलेल्या इलेक्ट्रॉनचं गणित पुढच्या वर्षी येईल. तिथे पट्ट्यांच्या दिशेने एकसारखं त्वरण, आडव्या दिशेने काहीच नाही. 'जी' ऐवजी विद्युत बलाने येणारं त्वरण लिहायचं, बाकी तुझ्या टेबलावरच्या चेंडूचंच पान. उपग्रह खाली का पडत नाही हे समजावताना न्यूटनने उंच डोंगरावरून आडवा गोळा डागल्याची कल्पना केली, तीही इथूनच सुरू होते. सेकंदाला सुमारे ७.९ किलोमीटर वेग दिला तर, हवा नाही असं धरून, गोळा पडत राहतो पण जमीनही तितकीच वळत जाते. अर्थात तिथे आपलं 'सपाट जमीन, सरळ खाली गुरुत्व' हे गृहीतक मोडतं, म्हणून तिथे तुझे रकाने चालणार नाहीत.

गृहीतकांचं निघालंच आहे तर हवेबद्दलही बोलू, कारण काही हुशार मुलं इथेच अडतात आणि त्यांना कुणी दाद देत नाही. 'हवेचा अडथळा नाही' हे खऱ्या जगात खोटं आहे. टेबल टेनिसचा हलका चेंडू जोरात मारला तर तो गणितापेक्षा बराच अलीकडे पडेल. जड, लहान गोळी बेताच्या वेगाने टेबलावरून सुटली तर फरक इतका कमी असतो की तुझ्या मोजपट्टीला कळणार नाही. गॅलिलिओच्या पुस्तकातही हा आक्षेप पात्रांच्या तोंडी येतो आणि तिथेही तो मान्य करूनच पुढे जावं लागतं. 'जी' १० की ९.८ हा वाद त्या मानाने किरकोळ: तुझ्या टेबलाच्या गणितात ९.८ घेतलं तर अंतर दीड मीटरच्या वर जेमतेम दीड सेंटिमीटर सरकतं. प्रश्नात जे दिलं असेल ते वापर.

आणि आता मन आणि वही यांना परत बोलतं करायचं. दोन सारखी नाणी आणि एक पट्टी घे. टेबलाच्या कडेला पट्टी तिरकी ठेव, एक टोक बाहेर येऊ दे. बाहेरच्या टोकावर एक नाणं ठेव. दुसरं नाणं टेबलावरच, पट्टीचं आतलं टोक आणि टेबलाची कड यांच्या मध्ये. पट्टीच्या मधोमध एक बोट हलकं दाबून धर आणि बाहेरच्या टोकाला बाजूने, आत जाईल असा आडवा फटका दे. पट्टी बोटाभोवती फिरते. बाहेरच्या नाण्याखालून ती निसटते आणि ते जवळजवळ सरळ खाली पडतं, आतलं टोक दुसऱ्या नाण्याला टेबलाबाहेर आडवं उडवतं. डोळ्यांनी बघू नकोस, डोळे उडणाऱ्या नाण्यामागे जातात. कान दे. दोन आवाज येतात की एकच? एक-दोनदा फसेल, पट्टी उचलली जाईल, नाणं उभं घरंगळेल. जमलं की फटक्याचा जोर वाढवून बघ. फोनवर स्लो मोशन चित्रण करता आलं तर मागे चौकटीचा कागद लाव आणि दोन्ही नाणी एकाच ओळीतून खाली येतात का ते प्रत्येक चित्रात तपास. फटका देण्याआधी मात्र 'काय होईल' ते कागदावर लिहून ठेव. आधी लिहिलं नसेल तर नंतर सगळ्यांनाच ते आधीपासून ठाऊक होतं असं वाटतं.

वर्गात विचारायच्या लाजेबद्दल. 'मला हे समजत नाही' असं विचारलंस की उत्तरात पूर्ण धडा मिळतो आणि आपण मान डोलावतो. त्याऐवजी दोन रकाने भरलेलं पान घेऊन जा आणि विचार, 'हा आकडा मी बरोबर बाजूला लिहिलाय का?' एवढ्या नेमक्या प्रश्नाला कुणी 'यात काय अवघड आहे' म्हणत नाही, त्याला हो किंवा नाही असं उत्तर द्यावं लागतं. मुलांना घरी शिकवणाऱ्या आई-बाबांचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी: मूल अडलं की लगेच सूत्र दाखवू नका. आधी विचारा, यातला कोणता चेंडू आधी पडेल आणि का. चुकीचं कारण मोठ्याने बोलून झालं की ते दुरुस्त करणं सोपं जातं.

पत्राच्या शेवटी तू विमानाचं गणित पाठवलं आहेस, ५०० मीटरवरून १०० मीटर प्रति सेकंदाने सरळ उडणारं विमान पाकीट सोडतं, आणि कंसात विचारलं आहेस की पाकीट मागे पडणार ना. ते मी सोडवून देत नाही. सुटताना पाकिटाचा आडवा वेग किती असेल, विमानाइतका की शून्य, एवढं ठरव आणि रकाने भर. अंतर १००० मीटर आलं तर बरोबर. मग त्याच १० सेकंदांत विमान किती पुढे गेलं तेही काढ, तुझ्या कंसातल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

पुढच्या धड्यात तिरकी फेक येईल. तिथे पान हेच राहतं, उजव्या रकान्यातलं ते शून्य तेवढं पुसलं जातं आणि त्याच्या जागी फेकीच्या वेगाचा उभा भाग येतो, वरच्या दिशेचा. खाली अधिक धरायची सवय लागली असेल तर त्याचं चिन्ह तिथे उणे होईल, त्याकडे लक्ष ठेव.